मौनमंडपाचा ढाळ

या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर तोंडात उरलेले चारही दात आज दिवे लागायच्या आत गळून पडोत, आणि दात गेल्यावरही कडक टोस्ट खायची वासना तेवढी शाबूत राहो. याहून मोठी शपथ मला येत नाही. तेव्हा मध्ये मध्ये "असं कुठं असतं का" म्हणायचं नाही. असतं. झालंय. मुकाट ऐकायचं.

तर एक बाग होती, शंभर वर्षांची. कुणा नामांकित रचनाकाराने आखलेली. बागेला एक फाटक, फाटकाला एक कुलूप, कुलपाला एक किल्ली, आणि किल्लीला एक मावशी. तिला सगळं गाव किल्लीमावशी म्हणायचं. सकाळी सहाला फाटक उघडायचं, संध्याकाळी सातला लावायचं, आणि मधल्या तेरा तासांत कुत्री, सायकली आणि फुलं चोरणारी सभ्य माणसं यांना आडवं जायचं, हे तिचं काम. एकतीस वर्षं करत होती.

आता तेरा तास म्हटल्यावर शहाण्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो? मग मध्ये ती जायची कुठे?

तीच तर गोम आहे. पुरुषांसाठी बागेत सोय होती, आणि सोय म्हणजे काय, नुसता थाट! ओतीव लोखंडाचे खांब, वर घुमट, घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पितळी कोंबडा. वारा कुठून येतोय ते तिथं नाकाला कळत नव्हतं जणू. बायकांसाठी मात्र काही म्हणजे काही नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांना बहुतेक लागतच नसावी.

रस्त्यापलीकडे कोपऱ्यावर एक दुकान होतं. मागच्या बाजूला संडास होता, पण दारावर पाटी, "फक्त गिऱ्हाइकांसाठी". दुकानदार तत्त्वाचा माणूस. म्हणून मावशी दर खेपेला एक कंगवा घ्यायची, कारण दुकानात सगळ्यात बारकी वस्तू तीच. एकतीस वर्षांत घरात एवढे कंगवे साठले की कपाट उघडलं की दरड कोसळायची. घरात माणसं दोनच, मावशी आणि तिची नणंद. नणंदेचा धंदा पाट्या रंगवायचा. तिच्या डोक्यावर केस सतरा आणि घरात कंगवे सतराशे.

"वहिनी," नणंद म्हणायची, "पुढच्या खेपेला साबण तरी आण गं."

"वन्सं, साबण मोठ्या कामाला. माझं काम लहान असतं."

पुढे पुढे मावशीलाच कंगव्यांचा कंटाळा आला. तिने उपाय काढला, आणि उपाय म्हणजे काय, पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, तो थेट संध्याकाळपर्यंत. शरीर काय मुकं असतं, पण डूख धरतं. एकदा मुतखडा झाला. मग दुसऱ्यांदा झाला. दुसऱ्या वेळचा खडा डॉक्टरीणबाईंनी छोट्या बाटलीत घालून तिच्या हातावर ठेवला.

"घ्या, आठवण म्हणून ठेवा. आता नीट ऐका. दिवसाला तीन लिटर पाणी, नाहीतर नोकरी बंद. तिसऱ्या वेळी खडा नाही येणार, मूत्रपिंडच जाईल."

"तीन लिटर? मग मी दिवसभर दुकानातच राहू का?"

"ते मला माहीत नाही. एक महिना देते. महिन्याने सोय झालेली नसली तर मी स्वतः तुमच्या मुलाला फोन करणार. येऊन घेऊन जा म्हणून."

मुलगा तर टपलेलाच होता. लांब कुठेतरी अकराव्या मजल्यावर राहायचा. "आई, ये आता," म्हणायचा, "इथे दोन दोन संडास आहेत." असतील. पण मावशी एकदा जाऊन आली होती. संडास दोन आणि झाड एकही नाही. खिडकीतून बघावं तर समोर दुसऱ्या कुणाचा तरी अकरावा मजला. तिथे फाटक नाही, किल्ली नाही, कुणाला ओरडायची सोय नाही. मावशीच्या भाषेत सांगायचं तर, एवढं चांगलं तोंड वाया जायचं.

आणि नेमका त्याच महिन्यात बागेचा जीर्णोद्धार निघाला.

जीर्णोद्धार म्हणजे पालिकेचं काम आणि बाग जतन समितीचं डोकं. समितीत सात जण. सरासरी वय पंचाहत्तर, सगळ्यांचे गुडघे मिळून शाबूत चार. बाकांना हिरव्या रंगाची कुठली छटा द्यायची यावर त्यांनी अकरा बैठका घेतल्या आणि शेवटी काळा दिला. अध्यक्ष म्हणजे पांढरा गळपट्टा, चांदीच्या मुठीची काठी, आणि बागेवर लिहिलेली चाळीस पानांची पुस्तिका. पुस्तिका तेच लिहायचे, तेच वाचायचे आणि तेच वाहवा म्हणायचे. समितीचा नियम नववा त्यांनी स्वतः घडवला होता आणि पोटच्या पोरासारखा मिरवायचे. "मूळ आराखड्यात जे होतं ते तसंच राहील, ज्या कामासाठी होतं त्याच कामासाठी राहील. जे नव्हतं ते येणार नाही."

समितीची बैठक भरायची मौनमंडपात. आता हा मौनमंडप नीट बघून घ्या, सगळी गोष्ट तिथेच घडते. बागेच्या कोपऱ्यात, दाट झुडपांच्या आड, दगडी गोल इमारत. दारासमोर एक आडभिंत, म्हणजे बाहेरून आतलं दिसू नये अशी. खिडक्या डोक्याच्या वर. आत भिंतीला सात कोनाडे, प्रत्येकात एक माणूस बसेल एवढे, आणि प्रत्येकात एक पितळी आकडा. मधोमध जमिनीत जाळी. आणि आवाज असा घुमायचा की कुणी शिंकलं तर भाषण केल्यासारखं वाटायचं.

जुन्या नकाशात या जागी एक गोल काढलेला होता. गोलाशेजारी नावही होतं, पण नेमकं तेवढंच वाळवीने खाल्लं होतं. अध्यक्षांच्या पुस्तिकेत मात्र वाळवीचा उल्लेख नाही. तिथे लिहिलंय, "रचनाकाराने या वास्तूला हेतुतः नाव दिले नाही, कारण मौनाला नाव नसते." खिडक्या उंच का? "नजर केवळ आकाशाकडे जावी." कोनाडे सात का? "सात मनोविकारांसाठी सात एकांत." आकडे? "येथे साधकाने आपला अभिमान टांगून ठेवावा." आणि मधली जाळी? "अहंकार वाहून जावा म्हणून." पंचवीस वर्षं अध्यक्ष रोज सकाळी सात ते आठ तिसऱ्या कोनाड्यात उशी ठेवून डोळे मिटून बसायचे, आणि आठला उठून स्वतःच्या कविता मोठ्याने म्हणायचे. घुमायच्या छान. ऐकायला मात्र कबुतरं.

मावशी त्या बैठकीत बोलवल्याशिवाय गेली.

"अध्यक्ष, एवढं सगळं नवं करताय, तर बायकांसाठी एक संडास बांधा."

"मावशी, भावना पोचल्या," अध्यक्ष म्हणाले. "पण मूळ आराखड्यात नाही."

"मूळ आराखड्यात विजेचे दिवे होते?"

"दिवे हा अपवाद."

"आणि तुमची मोटार लावता ती जागा?"

"तिथे पूर्वी घोडे बांधत. वापर तोच आहे, वाहन बदललं."

"मग मी काय करू?"

"संयम," अध्यक्षांनी डोळे मिटत सांगितलं.

"तेच करतेय एकतीस वर्षं," मावशी म्हणाली. "बाटलीत भरून आणलाय, बघा." आणि तिने ती खड्याची बाटली काढून नकाशावर ठेवली.

खजिनदारांनी चष्मा वर करून बाटली उजेडात धरली. "रंग चांगला आहे," ते म्हणाले. "पायवाटांना हीच खडी टाकू. किती मिळेल?"

"मागणी तेवढा पुरवठा," मावशी म्हणाली.

समितीत एकच बाई होत्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्या तेवढ्या हसल्या. तोंडावर रुमाल धरून हसल्या, पण हसल्या. बैठक संपल्यावर फाटकापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "मावशी, बैठक असली की मी आदल्या संध्याकाळपासून चहा सोडते." एवढं बोलून त्या झपझप घरी गेल्या. का ते सांगायला नको.

आता येतो गवंडी. त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. हा माणूस तसाच, उंच, किडकिडीत आणि भयंकर सरळ. खोटं बोलायला गेला की त्याला उचकी लागायची. लग्नाच्या वेळी "मुलगी आवडली का" विचारलं तेव्हा लागली नाही, त्या भांडवलावर बायको अजून टिकून आहे.

मौनमंडपाच्या फरश्या डुगडुगत होत्या, त्या नीट बसवायचं काम ओळंब्याकडे आलं. दुसऱ्याच दिवशी तो फाटकावर आला. चेहरा विचारात पडलेला.

"मावशी, बादलीभर पाणी घेऊन चला जरा."

"पाण्याचं नाव काढू नकोस माझ्यापुढे."

"प्यायचं नाहीये. ओतायचंय."

आत गेल्यावर त्याने सपाटी मोजायची पाणसळ जमिनीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा पळाला भिंतीकडच्या टोकाला. पाणसळ समोरच्या भिंतीपाशी ठेवली, बुडबुडा पुन्हा भिंतीकडे. चारही बाजूंनी तेच.

"बघितलंत? बुडबुडा चढाकडे पळतो, म्हणजे सगळ्या बाजूंनी ढाळ, उतार, मध्ये आहे. बरोबर आहे, तिरका नाही, पक्क्या हाताने दिलेला आहे. आता मला सांगा, माणसं बसायच्या खोलीला कुणी असा ढाळ देतो का? खुर्चीसकट माणूस घरंगळत मध्ये येईल."

"अरे, अहंकार वाहून जावा म्हणून दिलाय तो. पुस्तिकेत आहे."

"अहंकाराला चार इंची पाइप लागत नाही," ओळंबा म्हणाला आणि त्याने मधली जाळी उचलली.

खाली चिनी मातीचा जुना पाइप. हात घालून दाखवला, सरळ पुरुषांच्या बाजूच्या गटाराकडे जाणारा. मग त्याने तिसऱ्या कोनाड्यातली अध्यक्षांची उशी बाजूला केली आणि खालची फरशी उचलली. तिथे दुसरं तोंड, चुन्याने बुजवलेलं. पहिल्या कोनाड्यात एक. चौथ्यात एक. सात कोनाडे, सात तोंडं.

मावशी एकदा खाली बघायची, एकदा वर.

"म्हणजे खिडक्या उंच..."

"बाहेरून कुणी डोकावू नये म्हणून."

"आणि आडभिंत?"

"तुमच्या घरच्या संडासाचं दार रस्त्यावर उघडतं का?"

"आणि ते आकडे? अभिमान टांगायचे?"

"पिशवी टांगायचे, मावशी. हात मोकळे नकोत का माणसाला?"

"म्हणजे अध्यक्ष पंचवीस वर्षं रोज सकाळी सातला..."

"वेळ तर बरोबर धरलीय त्यांनी," ओळंबा गंभीरपणे म्हणाला.

मावशी तिसऱ्या कोनाड्याच्या कडेवर मटकन बसली आणि जी हसत सुटली, जी हसत सुटली! भिंतींनी ते हसू सातपट करून परत दिलं. पण हसणं तिला परवडणारं नव्हतं. अर्ध्यातच उठून, एक हात पोटावर आणि एक हात फाटकाच्या किल्लीवर ठेवून, ती दुकानाकडे पळाली. त्या दिवशी दोन कंगवे झाले.

पुढच्या बैठकीत तिने सगळ्या समितीसमोर बादली ओतली. पाणी भिंतीपाशी पडलं, क्षणभर थबकलं आणि आज्ञाधारक पोरासारखं मधल्या जाळीत गेलं. मग ओळंब्याने सातही फरश्या उचलून दाखवल्या. मौनमंडपात खरंखुरं मौन त्या दिवशी पहिल्यांदा झालं असेल.

अध्यक्षांचा चेहरा शेजारच्या भिंतीसारखा झाला. "अशक्य," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं मी इथे बसून..."

"बसलात ना?" इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "कोनाडा त्याचसाठी होता."

"पाणी म्हणजे पुरावा नव्हे!" काठी आपटली. "पाणी कुठेही वाहतं. पाइप नंतर कुणी घातला असेल. मला लेखी पुरावा हवा. अक्षर हवं! पुढच्या गुरुवारी शेवटच्या आराखड्यावर सह्या आहेत. तोवर एक जरी अक्षर सापडलं तरी नियम नववा लागू, मी स्वतः सही करीन. गिलावा तोवर आतबाहेर उरकून घ्या. नाही सापडलं तर फरश्या बसवा आणि हा घाणेरडा विषय बंद."

विषय घाणेरडा. पंचवीस वर्षं उशी टाकून बसले तेव्हा नव्हता.

पुढचा गुरुवार म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या महिन्याचा शेवटून दुसरा दिवस. मावशीने जुनी कागदपत्रं उपसली, पालिकेच्या तळघरात शिंका देऊन आली, म्हाताऱ्या माळ्याला जाऊन विचारलं. माळ्याला एवढंच आठवत होतं की त्याच्या आजीला त्या बाजूला जायला बंदी नव्हती आणि आजोबांना होती. हेही खरंच. पण आजी काही लेखी नाही.

शनिवारी संध्याकाळी पोटात कळ आली. जुनी ओळखीची कळ. मावशी भिंतीला धरून उभी राहिली, कळ गेली, मग तिने पलंगाखालून सुटकेस काढली. नणंद एका दुकानाची पाटी रंगवत बसली होती.

"वन्सं, जाते मी. अकराव्या मजल्यावर."

"आणि माझं?"

"तुला कंगवे ठेवून जाते."

"सतरा केसांना?"

"एकेका केसाला शंभर शंभर येतील. मजा कर."

मावशी हसली, पण सुटकेसमध्ये ठेवलेली किल्ली तिने परत काढली, पुन्हा ठेवली, परत काढली. एकतीस वर्षांत त्या किल्लीची कड झिजून तिच्या अंगठ्याच्या आकाराची झाली होती. नणंदेने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि गप्प बसली. ही बाई गप्प बसली की घरात काहीतरी शिजतं, आणि बहुतेक वेळा ते जेवण नसतं.

रविवारी सकाळी मावशी चहा करायला गेली तर डब्यात पत्ती नाही. परवाच डबा भरला होता.

"वन्सं, पत्ती कुठं गेली?"

"मुंग्यांनी नेली."

"अर्धा किलो?"

"मोठ्या मुंग्या होत्या," नणंद म्हणाली आणि बोटं पाठीमागे लपवली.

गुरुवारी समिती मौनमंडपाच्या दारात जमली. आतबाहेरचा गिलावा झालेला. फरश्या तेवढ्या अजून रचून ठेवलेल्या. सह्यांचा आराखडा टेबलावर, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मावशीची बाटली. खजिनदारांना ती फार आवडली होती. मावशी आडभिंतीला टेकून उभी, किल्ली मुठीत घट्ट, शेजारी नणंद.

"कुणाला काही सापडलं?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज मोठा होता, पण डोळे मावशीकडे जात नव्हते. "नाही ना? तर मग..." आणि सवयीप्रमाणे त्यांनी काठी उंचावून दारावरच्या भिंतीला टकटक केलं. "हा गिलावा पोकळ का वाजतोय?"

"हिक्," ओळंबा म्हणाला.

"काय?"

"जुना आहे. हिक्. आतला थर जुना आहे. आम्ही वरून नुसता, हिक्, हात फिरवला."

"पाणी दे रे कुणीतरी याला," इतिहासाच्या बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात. खपली सुटली, आणि ताटाएवढा गिलावा त्यांच्या बुटांवर येऊन पडला. त्यामागे पत्र्याची पाटी. निळी, कडा गंजलेल्या, अक्षरं पांढऱ्याची पिवळी झालेली.

"स्त्रियांसाठी."

आणि खाली बारीक अक्षरात, "कृपया आत मौन पाळावे. बाहेर रांग आहे."

ओळंब्याची उचकी तेवढी घड्याळासारखी चालू. मग अध्यक्ष अगदी लहान आवाजात म्हणाले, "मौन... मौन तर लिहिलंय."

"लिहिलंय की," मावशी म्हणाली. "तेवढं तुमचं बरोबर होतं."

इतिहासाच्या बाई पुढे झाल्या. भिंग लावून पाटी बघितली. मग नाक जवळ नेऊन वास घेतला. मग चष्म्यावरून मावशीकडे बघितलं, तिच्या शेजारी साळसूद चेहऱ्याने उभ्या असलेल्या नणंदेकडे बघितलं, नणंदेच्या तपकिरी बोटांकडे बघितलं.

"शंभर वर्षांपूर्वीची घडण," त्या ठामपणे म्हणाल्या. "चाळीस वर्षं इतिहास शिकवलाय मी. शंका घ्यायला जागा नाही."

अध्यक्ष काठीवर रेलून उभे राहिले. अचानक म्हातारे दिसले. मावशीला वाटलं, आता काठी आपटतील, आता म्हणतील पाटी म्हणजे पुरावा नव्हे. पण माणूस दिलेल्या शब्दाला पक्का होता, हे कबूल करायला हवं. त्यांनी खिशातून समितीची नियमावली काढली, नववा नियम मोठ्याने वाचला. "ज्या कामासाठी होतं त्याच कामासाठी राहील." वाचता वाचता "त्याच" वर आवाज घुमला. मग आराखड्यावर आपल्या हाताने दुरुस्ती लिहिली आणि सही केली.

"तिसऱ्या कोनाड्यात," ते थांबले, "उजेड सगळ्यात चांगला येतो. तो तरी..."

"तो मी घेते," मावशी म्हणाली. "तुमची उशी फाटकावर आणून देईन."

दुसऱ्या दिवशी मावशीने सहीचा कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "काम पूर्ण होईपर्यंत रोज दुकानात जायचं आणि पाणी प्यायचं. किती का कंगवे होईनात," म्हणाल्या, आणि हातातला फोन खाली ठेवला.

काम सहा आठवडे चाललं, आणि जतन म्हणजे असं जतन की काय सांगू. खिडकी इंचभर हलली नाही. आडभिंत तीच, आकडे तेच, नुसते घासून लख्ख केलेले. कोनाड्यांना दारं आली, बुजवलेले पाइप मोकळे झाले, नळ आले. ओळंब्याने जुन्या ढाळाला हातही लावला नाही. "माझ्यापेक्षा चांगला हात होता त्या माणसाचा," म्हणाला, आणि उचकी लागली नाही.

उद्घाटनाला फीत, कात्री आणि अध्यक्षांचं भाषण. मावशीने सकाळपासून डॉक्टरीणबाईंच्या हिशोबाने पाणी प्यायला सुरुवात केलेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कंगव्याचा हिशोब न करता, चांगलं घटाघट. अध्यक्षांचं भाषण अर्ध्या तासावर गेलं. मग पाऊण तासावर. रचनाकाराची दूरदृष्टी झाली, मौनाची तपश्चर्या झाली, आता एक कविता येणार होती.

"अध्यक्ष, आवरा," मावशी म्हणाली. "नाहीतर उद्घाटन इथेच होईल."

आणि तिने त्यांच्या हातातली कात्री घेतली, फीत कापली आणि तिसऱ्या दारात शिरली.

पुढे जे झालं त्याला सगळी बाग साक्षीला आहे. आतून एक सुस्कारा आला. नुसता "हाऽऽ". पण एकतीस वर्षांचा साठलेला, आणि जागा घुमणारी! घुमटावरचा पितळी कोंबडा दोनदा गरकन फिरला. कबुतरं उडाली. आणि तिकडे लांब अकराव्या मजल्यावर मुलगा चमकून खिडकीत आला आणि त्याने तिथल्या तिथे फोन केला.

"आई, तू हाक मारलीस का?"

"नाही रे. बस तू खाली," मावशी आतून म्हणाली. "मी इथेच आहे. इथेच राहणार आहे."

त्या दिवशी आलेल्या प्रत्येक बाईला मावशीने एक एक कंगवा दिला. कपाट आता एका बोटाने उघडतं. दुकानदाराचा कंगव्यांचा खप एकदम बसला आणि तो अजून विचार करतोय की शहराला टक्कल पडलं की काय.

आणि अध्यक्ष? ते बाहेरच्या बाकावर बसतात, काळ्या. सकाळी सात ते आठ. बायका आत जाताना पोरं आणि छत्र्या त्यांच्याकडे ठेवून जातात. ते कुरकुरतात, सांभाळतात आणि कविता म्हणतात. आता ऐकायला माणसं आहेत. रांगेतली बाई पळणार कुठे?

हे सगळं खरं आहे. कंगवे खरे, खडा खरा, उचकी खरी, तो सुस्कारा तर माझ्या या कानांनी ऐकलाय. ढाळ खरा आणि सातही पाइप खरे, वाटलं तर बादली घेऊन जा. एक तेवढी गोष्ट बनवलेली आहे. ती पाटी. ती त्या भिंतीत शंभर वर्षं नव्हती, तीन दिवस होती. पत्रा बिस्किटांच्या डब्याचा, गंज मिठाच्या पाण्याचा आणि पिवळेपणा चहाचा. चहाला चार उकळ्या लागतात. तीन दिल्या तर अक्षरं नवी दिसतात. मला कसं माहीत ते विचारायचं नाही. चारातला एक दात आधीच हलायला लागलाय.